आरशात दिसतोय तोवर

शनिवार, ४ ऑक्टोबर. कॅनॅब.

पोचले! एकटीने, अख्खी गाडी घेऊन, एकही आरसा न मोडता पोचले. वही नवी, पेन नवं आणि ड्रायव्हरच्या सीटवरची बाईही तशी नवीनच. नेब्रास्कातून निघाल्यापासून ट्रकवाल्यांनी मला काय काय म्हटलं असेल ते काचा बंद असल्यामुळे ऐकू आलं नाही, हे बरंच झालं.

आमच्या मोटरहोमचं नाव ग्लॅडिस. ड्वेनची, माझ्या नवऱ्याची, या नावाची एक मावशी होती आणि पाठीमागून ती अगदी अशीच दिसायची, असं तो म्हणायचा. मावशीसमोर मात्र कधी म्हणाला नाही. एकोणतीस फूट लांबी, मागच्या टोकाला पलंग आणि पलंगामागे भिंतभर काच. मुक्कामाला पोचलं की गाडी उलटी लावायची, म्हणजे सकाळी डोळे उघडले की पांघरुणातूनच दरी दिसते. हा ड्वेनचा हट्ट. दरी बघायला मी उठून बाहेर का जाऊ, असं तो विचारायचा.

रस्त्यावर तो चालवायचा. मुक्कामाला आलो की तो खाली उतरायचा आणि मी स्टिअरिंगवर बसायचे. एकतीस वर्षं त्याने रेल्वेच्या यार्डात डबे जोडायचं काम केलं होतं. इंजिनवाल्याला मागचं काही दिसत नाही, खाली उभा असलेला माणूस हातांनी सांगेल तेवढंच खरं. त्यामुळे गाडी मागे घेणं हा त्याच्यासाठी थट्टेचा विषय नव्हता. हात लांबून दिसावेत म्हणून तो कातड्याचे पिवळे हातमोजे घालायचा. हात गोल फिरवला की ये. दोन्ही तळवे समोरासमोर धरले की मागे तेवढी जागा उरली, आणि जागा संपत आली की तळवे जवळ येत जायचे. छातीसमोर हातांची फुली केली की थांब. आणि नियम एकच. मी आरशात दिसेनासा झालो की त्या क्षणी ब्रेक. कारण शोधायचं नाही, मान वळवायची नाही, आधी ब्रेक.

आता तो हात नाही म्हणून मार्लाने, आमच्या लेकीने, मागे कॅमेरा बसवून दिलाय. स्टिअरिंगशेजारी छोटा पडदा आहे. मागे काही आलं किंवा जमीन संपत आली की लाल रेघ उमटते आणि पडदा टूंटूं करतो. आज त्याच्या मदतीने तीन खेपांत गाडी लावली, तीही वाकडी. समोरच्या तंबूतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाकून सलाम केला.

ड्वेन शेजारच्या सीटवर आहे. म्हणजे त्याची राख. यार्डात तो वीस वर्षं जो कॉफीचा डबा नेत होता त्याच डब्यात, त्यानेच कधीतरी सांगून ठेवल्याप्रमाणे. मी डब्याला सीटचा पट्टा लावलाय. निघताना मार्लाने ते पाहिलं, हसली, मग न्हाणीघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आम्ही केलेला प्रवास मी पुन्हा करतेय. मुक्कामही तेच, तारखाही त्याच. ड्वेनची तेव्हाची टिपणवही सोबत आहे. प्रत्येक जागेचा आकडा, सावली केव्हा येते, शेजारी कोण घोरतं, सगळं त्यात आहे. शेवटचं पान हॅचर रिमचं, दरीच्या कडेवरच्या मुक्कामाचं. तिथे फोटो काढताना कडेवरून त्याचा पाय घसरला. रविवारी, १२ तारखेला, त्याला तिथेच मोकळं करायचं आणि घरी जायचं.

रात्री चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा रस्सा, आणि दालचिनीचे गोड रोल. शाळेच्या स्वयंपाकघरात चोवीस वर्षं पोरांना हेच वाढलं. एकटीसाठी करायला गेले तरी सहा जणांचं झालं.


सोमवार, ६ ऑक्टोबर. कॅननव्हिल.

एक गमतीची गोष्ट झाली. गमतीचीच म्हणते.

दुपारी इथे आले तेव्हा ऊन तिरपं होऊन थेट पडद्यावर पडलं होतं. पडद्यात मागची जागा दिसेना, माझंच घामेजलेलं तोंड दिसायला लागलं. सवयीने डावीकडच्या आरशात पाहिलं. गाडीच्या मागे, कोपऱ्याला, एक पिवळा हात होता. तो गोल फिरला. मी विचार न करता गाडी मागे घेतली. हात सांगेल तशी, मऊ मऊ, स्टिअरिंग जरासं इकडे, जरासं तिकडे. मग दोन तळवे समोरासमोर आले. एक पिवळा, एक उघडा. मग फुली. ब्रेक दाबला. एका खेपेत गाडी रेघेत उभी. माझ्या पायांना जणू हे सगळं आठवत होतं, मला आठवायच्या आधीच.

आभार मानायला खाली उतरले. मागे कुणी नव्हतं. जुनिपरची झुडपं आणि विझलेली शेगडी. मी स्वतःला समजावलं की कुणीतरी भला माणूस मदत करून निघून गेला. अशा मुक्कामांवर बाई गाडी मागे घेताना दिसली की पुरुषांना खुर्चीत बसवत नाही, हे मला माहीत आहे.

संध्याकाळी शेजारच्या गाडीतली बाई आली. लोइस पेटिट, आयडाहोची. नवरा हॉलिस, चाळीस वर्षं ट्रक चालवलेला, एका कानाने बहिरा. उद्या तुम्ही दोघं आमच्याकडे जेवायला या, म्हणाली. हॉलिस दुपारपासून तुमच्या नवऱ्याचे हात किती नेटके आहेत तेच सांगतोय, रेल्वेतला असणार म्हणतोय.

मी सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. त्याऐवजी मी म्हटलं की त्याचं पोट बिघडलंय, मी एकटीच येईन. का म्हटलं? तीन वर्षांत मला पहिल्यांदा कुणी 'तुम्ही दोघं' म्हणालं होतं. ते ऐकून इतकं बरं वाटलं की ते खोडून काढायचा धीर झाला नाही.


मंगळवार, ७ ऑक्टोबर. कॅननव्हिल.

जेवण छान झालं. हॉलिस माझ्याशी ओरडून बोलत होता, कारण त्याला वाटतं सगळेच बहिरे. ड्वेनबद्दल त्याने दहा प्रश्न विचारले आणि मी दहाही उत्तरं दिली. तो घोरतो. तो कॉफी काळी पितो. तो नकाशा उलटा धरतो आणि नकाशाच चुकलाय म्हणतो. सगळं वर्तमानकाळात. बोलता बोलता मी इतकी रंगले की मलाच वाटायला लागलं, आत्ता मागे वळून पाहिलं तर ग्लॅडिसमध्ये दिवा लागलेला असेल.

उद्या तेही निघतात. त्यांचीही वाट जवळपास आमचीच, त्यामुळे पुढे भेटूच. मी हॅचर रिमचं नाव काढलं तेव्हा हॉलिसने मान हलवली. तिथली कड खालून पोकळ झालीय, म्हणाला, गेल्या दोन पावसाळ्यांत तिच्याखालचा दगड झडलाय. तीस फुटांच्या आत चाक न्यायचं नाही, नवऱ्यालाही सांगून ठेवा.

निघताना लोइसने ड्वेनसाठी ताट झाकून दिलं. भाजलेला बटाटा, मांसाचा तुकडा, मक्याचा पाव. ते मी गाडीत, सिंकपाशी उभ्यानेच खाल्लं. टाकवेना. खाताना फार रडू आलं.

मग समोरचा ड्रॉवर उघडला. ड्वेनचा एक हातमोजा त्यात आहे. कडेवर सापडला होता तो. दुसरा त्याच्या हातातच राहिला आणि त्याच्याबरोबर गेला. आरशातला एकच हात पिवळा का होता ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी ड्रॉवर लावून टाकला आणि भांडी घासली.


गुरुवार, ९ ऑक्टोबर. एस्कलांटे.

तो ड्वेन आहे. आडून आडून कशाला लिहायचं?

आज मी मुद्दाम दोन्हीकडे पाहिलं. पडद्यावर खडी, टेबल, लाल कातळ. माणूस नाही. आरशात तो. ढगळ पँट, खाकी टोपी, जरासा डावीकडे कललेला, गुडघा दुखायचा तसा. चेहरा टोपीच्या सावलीत होता. पडदा रिकामा बघवेना, म्हणून मी त्यावर भांडी पुसायचं फडकं टांगलं. मग आरशात फक्त तो आणि मी.

भीती? वाटली. पण भीतीच्या आधी दुसरंच वाटलं. कुणीतरी माझी वाट पाहत होतं. अडुसष्टाव्या वर्षी माझी वाट कोण पाहतं? मार्ला पाहते, रविवारी, फोनची.

एक गोष्ट मात्र नोंदवून ठेवते. ड्वेन मागे नेहमी सहा फूट सोडायचा. आज फुली केली तेव्हा मागचा बंपर कातळापासून एक फुटावर होता.

संध्याकाळी टेकाडावर चढून मार्लाला फोन केला, खाली सिग्नल मिळत नाही. कॅमेरा चालतोय का, गोळ्या घेतेस का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "मला अजून बाबांचा राग येतो गं, आई. एकतीस वर्षं लोकांना सांगत आले, पाय कुठे ठेवतोस ते बघ. आणि स्वतः एका फोटोसाठी…"

तीन वर्षं मी याच ठिकाणी काही बोलत नाही.


शुक्रवार, १० ऑक्टोबर. हँक्सव्हिलच्या अलीकडे.

आज जीव थोडक्यात वाचला.

इथली जागा एका ओढ्याच्या काठी आहे. ओढा कोरडा, पण पुरुषभर खोल. ड्वेनने बोलावलं, मी गेले. त्याचे तळवे छान दूर दूर होते, म्हणजे जागा भरपूर होती. फडक्याखाली पडदा टूंटूं करायला लागला. तळवे तसेच. पडदा एका सुरात किंचाळायला लागला. तळवे तसेच. मग ग्लॅडिसची पाठ खाली बसली, कपाटातले कप एकदम घरंगळले आणि माझ्या पायाने आपोआप ब्रेक दाबला. फुली त्यानंतर आली. सावकाश.

उजवं मागचं चाक हवेत होतं.

पेटिटांची गाडी पलीकडेच उभी होती. हॉलिस धावत आला. पट्टा बांधून, त्यांच्या गाडीने ओढून, अर्ध्या तासाने त्याने मला बाहेर काढलं. घाम पुसत पुसत तो फार चिडला, माझ्यावर नाही. "तुमच्या नवऱ्याचं लक्ष कुठे होतं?" तो ओरडला. "माणूस मेला असता! कुठे आहे तो? बोलवा त्याला, मी विचारतो."

तो गाडीत चढला. पलंग पाहिला, न्हाणीघराचं दार ढकललं. मग खाली उतरून आपल्याच बुटांकडे बघत राहिला.

लोइस माझ्याजवळ पायरीवर बसली. तिने शेजारची सीट पाहिली होती.

"अर्डिथ," ती म्हणाली, "त्या डब्याला पट्टा का लावलाय?"

मग मी सांगितलं, म्हणजे अर्धं. वारला, तीन वर्षं झाली, फोटो काढताना घसरला. लोइसने माझा हात धरला. ग्लॅडिस इथेच ठेव, म्हणाली, उद्या आमच्या गाडीतून चल, राख आपण तिघं मिळून सोडू, मग आमच्याकडे आयडाहोला थोडे दिवस राहा. परसात भोपळे फार झालेत, खायला माणूस नाही. हॉलिसने तिच्या मागून विचारलं, हळू आवाजात, त्याच्या मानाने. मग मी सोमवारी पाहिलं तो कोण होता?

लोइसच्या बेताला मी हो म्हटलं. उद्या सकाळी साडेसातला त्यांच्याबरोबर निघायचं ठरलं.


शनिवार, ११ ऑक्टोबर. हॅचर रिमची कच्ची वाट.

सव्वासहाला निघाले. एकटी. लोइसच्या दारात तिचं ताट धुऊन ठेवलं, वर चार रोल. चिठ्ठी लिहिली नाही. काय लिहिणार होते?

त्यांना बरोबर घेतलं असतं तर पुन्हा तेच झालं असतं. हॉलिसने टोपी काढली असती आणि म्हटलं असतं, बिचारा, जरा जपायला हवं होतं त्याने. आणि मी मान खाली घालून उभी राहिले असते.

वाटेत थांबलेय. इथे फोन नाही, माणूस नाही, कावळाही नाही. म्हणून आता लिहिते. मार्ला, हे तुझ्यासाठी.

बाबांनी फोटो काढला नव्हता. त्या दिवशी कॅमेरा पिशवीतून बाहेरही आला नव्हता. मी सकाळपासून धुसफुसत होते. मला तुझ्याकडे यायचं होतं, त्याला आणखी एक आठवडा हवा होता. कडेवर पोचलो तर म्हणे उलटीच लाव, दरी दिसली पाहिजे. अजून एक फूट. अजून एक फूट. मी वैतागले. मी आरशावरून नजर काढली आणि मुद्दाम समोर पाहत राहिले, रागाने. पुन्हा पाहिलं तेव्हा तो आरशात नव्हता.

नियम मला माहीत होता. तीस वर्षं माहीत होता. त्या क्षणी ब्रेक.

मी मनात म्हटलं, असेल तिथेच कुठेतरी, उगाच नखरे. आणि पाय ब्रेकवरून उचललेलाच ठेवला. गाडी आणखी चार फूट मागे गेली. फार तर पाच.

काही लागलं नाही, मार्ला. आवाज झाला नाही. तेच मला सहन होत नाही. मी गाडी बंद केली, हॉर्न दिला, चिडून दोनदा दिला. मग उतरले. चाकाच्या मागे दोन मुठींएवढा दगड होता, नुकताच उकरलेला, आणि त्याच्यापाशी एक हातमोजा. मला धक्का बसू नये म्हणून तो चाकाखालचा दगड काढायला वाकला होता. माझी गाडी मागे येत राहिली आणि त्याच्यामागे फक्त दरी होती.

गाडी मी दहा फूट पुढे घेतली. मग मदत बोलावली. शेरीफच्या पोलिसाने विचारलं, फोटो काढत होते का, आणि मी होकार दिला. शब्दसुद्धा त्याचाच होता, मी फक्त मान हलवली. अंत्यविधीला यार्डातले अकरा म्हातारे आले होते. प्रत्येक जण म्हणाला, ड्वेनसारख्या माणसाने असा पाय ठेवावा? मी त्यांना कॉफी दिली.

बाबांनी पाय बरोबर ठेवला होता. हे तुला कळायला हवं.

लिहून झाल्यावर ड्रॉवर उघडला. हातमोजा नाही. सगळी गाडी पाहिली. नाही.


रविवार, १२ ऑक्टोबर. सकाळ.

हॅचर रिम. वारा आहे. दुसरं कुणी नाही.

हॉलिसचं ऐकलं. कडेपासून चांगले साठ फूट सोडून, तोंड रस्त्याकडे करून गाडी उभी केली. जाताना मागे घ्यायला नको. इंजिन बंद, किल्ली खिशात.

डबा घेऊन चालत निघाले. वीस फूट उरले आणि पुढे पाऊल टाकवेना. बसून सरकले. तेही जमेना. डबा परत आणला, पट्टा लावला.

त्याला सॉरी म्हणायचंय. मोठ्याने. तेवढं झालं की जाईन.


दुपार.

म्हणून झालं. दरीकडे तोंड करून म्हटलं. काहीच झालं नाही. मी काय होणार समजत होते कोण जाणे. घसा दुखतोय.

थोडं खाल्लं. आता निघते. काळोख व्हायच्या आत डांबरी रस्ता गाठायचाय. मार्लाला ही पानं वाचून दाखवेन, फोनवर नाही, समोर बसून. ओरडली तर ओरडू दे.


साडेतीन.

किल्ली फिरवली आणि आरशात पाहिलं. पाहायला नको होतं. सवय.

तो आहे.

दोन्ही हात पिवळे. दोन्ही पसरलेले. इतके दूर की जागा किती आहे ते मोजताच येऊ नये.

साठ फूट मागे. कडेपाशी. कडेच्या अलीकडे की पलीकडे ते आरशात कळत नाही. त्याच्या पायांखाली काय आहे ते आरशात येत नाही.

फडकं बाजूला करून पडदा पाहिला. वाळू, मग कडेची रेघ, मग आकाश. माणूस नाही. फडकं पुन्हा टांगलं.

हात गोल फिरवतोय. ये.


पावणेचार.

अजून आहे. मी अजून गेले नाही. पुढेही नाही, मागेही नाही.

मला एक कळलंय. एकतीस वर्षांत त्याने एकदाही फुली चुकवली नाही. ओढ्यापाशी उशिरा केली, पण केली. त्याने मला माफ केलं असेल तर तो मला थांबवेल. वेळेवर. सहा फूट सोडून. तेच तर त्याचं काम.

माफ केलं की नाही ते मला कळायला हवं. मार्लाला सांगायच्या आधी मला कळायला हवं. आणि ते विचारायची दुसरी भाषा आम्हाला येत नाही.

फक्त थोडं मागे घेते. तीस फुटांपर्यंत. हॉलिसची हद्द.


वही स्टिअरिंगवर आहे. पाय ब्रेकवर.

तीस फूट. थांबले. तळवे तसेच.

नियम पाळतेय, ड्वेन. नजर हलवत नाही. लिहितानासुद्धा अर्धा डोळा आरशात.


पंचवीस असेल. पडदा टूंटूं करतोय.

आता चेहरा दिसतो. रागावलेला नाही. यार्डातून घरी येताना असायचा तसा, दमलेला.

इतकी वर्षं एकटा उभा आहे इथे—


वीस.

तळवे जवळ येतायत. येतायत! जरासेच, पण—

म्हणजे मोजतोय. म्हणजे थांबवणार.


पंधरा

पडदा किंचाळतोय, फडक्यातून

तळवे छातीसमोर. अजून फुली नाही. अजून नाही. आता कर. सहा फूट, ड्वेन, तू नेहमी सहा—


वाकला.

दगड काढायला वाकला. आरशात नाही. दिसत नाही.

ब्रेक दाबलाय. त्या क्षणी. मान वळवली नाही, कारण शोधलं नाही, ब्रेक दाबलाय, पूर्ण, दोन्ही पायांनी. गाडी उभी आहे. मार्ला, या वेळी मी थांबले, मी

खालून आवाज येतोय. दगडाचा. जमीनच मागे सर—

ब्रेक दाबलाय मी, ड्वेन, दाबलेलाच आहे, तरी गाडी